कंसातला मजकूर

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. दुकानात कोरीच पडली होती, टाकून द्यायचं जिवावर आलं. तारखांपुढचे वार खोडून मी हाताने बरोबर केले आहेत. डायरी लिहायची मला सवय नाही. पण पाळकसाहेब देवाघरी जाऊन आज तीन आठवडे झाले आणि चर्चमध्ये जे चाललं आहे ते कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. बाकीचे फुगवून लिहितील.

आज उपासनेला सतरा जण. गिरणी बंद पडायच्या आधी आम्ही नव्वदच्या घरात होतो. तेव्हा उशिरा येणाऱ्याला मागे उभं राहावं लागायचं. आता इतके बाक रिकामे असतात की वेळेवर येणाऱ्यालाही कुठे बसावं कळत नाही. शेवटी शिवणकामवाल्या बाईंनी मुख्य कार्यालयाचं पत्र वाचलं. वर्षभर तरी नवा पाळक मिळणार नाही. २३ मार्चला त्यांचे निरीक्षक येतील. प्रभुभोजनाचा आशीर्वाद ते देतील, पण बाकी सगळं आमचं आम्हाला जमतं का ते पाहतील. जमत नसेल तर इमारतीला कुलूप आणि आम्ही नदीपलीकडच्या चर्चमध्ये जायचं. तिकडे बाकांना गाद्या आहेत म्हणतात. मला नकोत.

आमचे पंच दोनच उरले आहेत. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ. आम्ही अकरा वर्षं बोलत नाही. तो तिसऱ्या बाकावर उजवीकडे बसतो, मी तिसऱ्या बाकावर डावीकडे. मधली वाट चार फूट रुंद आहे, मोजलेली आहे.

पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नींनी, तिथल्या तिथे वाटणी केली. गाणी धाकट्याने सांगायची, ती तो सांगतोच. उपदेश मी वाचायचा. पाळकसाहेबांचे बावीस वर्षांचे उपदेश घरी खोक्यात आहेत, दर शनिवारी त्यातला एक त्या काढून देतील. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. "बोलायचं नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "लिहिलंय ते वाचायचं. तुमच्या हातून एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही."

हे खरं आहे. माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला उपदेश वाचला. विषय: धीर. मी आधी वाचून गेलो नव्हतो. आधी वाचलं की माणूस सोयीचं तेवढंच मोठ्याने वाचतो. काट्याकडे बघतानाही मनात आकडा धरून बघायचं नसतं.

पहिल्याच पानावर कंसात होतं, "इथे घोटभर पाणी प्यावे." ते वाचलं. पाणी नव्हतं म्हणून थांबलो. बेकरीवाल्याच्या बायकोने धावत जाऊन ग्लास आणला, प्यायलो, पुढे गेलो. दुसऱ्या पानावर, "आवाज चढवावा, शिवणकामवाल्या बाईंना डुलकी लागली असेल." आवाज चढवला. त्या दचकून उठल्या. तिसऱ्या पानावर, "हा दाखला लांबला आहे, पण माझा आवडता आहे, ठेवावा." ठेवला. लोक हसत होते. धिराच्या उपदेशात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

जेवताना ही म्हणाली, "अहो, कंसातलं वाचायचं नसतं. ते त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं."

"वाचायचं नव्हतं तर लिहिलं कशाला?"

"तुम्ही नाही का स्वतःसाठी लिहीत? ती डायरी?"

"ती वेगळी."

"ती मग देऊ का मोठ्याने वाचायला पुढच्या रविवारी?"

मी म्हटलं, आज आमटी चांगली झाली आहे. मग संध्याकाळी जाऊन पाळकबाईंनाच विचारून आलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचताय तेच बरोबर. एक अक्षर गाळू नका." प्रश्न मिटला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सव्वीस जण. सहा-सात वर्षं तोंड न दाखवलेले लोकही आले. पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवलेला होता.

विषय: दान. मध्यावर कंस आला. "इथे बेकरीवाल्याकडे पाहू नये. गिरणी बंद पडून सहा घरांची कमाई गेली तेव्हापासून त्यांच्या दारात रोज पहाटे पाव कोण ठेवतं ते मला ठाऊक आहे, हे त्याला कळता कामा नये." मी वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे बेकरीवाल्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

उपासना संपल्यावर नेहमी लोक दारात गप्पा मारतात. आज त्या सहा घरांतली माणसं बेकरीवाल्याभोवती नुसती उभी होती. मग एक म्हातारी म्हणाली, "मला वाटायचं मुख्य कार्यालय पाठवतं," आणि सगळे एकदम हसले. शिवणकामवाल्या बाई हसता हसता रडल्या. त्यांचंही घर त्या सहांत आहे हे मला माहीत नव्हतं. मलाही जरा भरून आलं, पण हातात कागद होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेजाचा प्रश्न उभा राहिला आहे. प्रभुभोजनाचं मेज एरवी भिंतीला लावलेलं असतं. त्या दिवशी दोन पंचांनी दोन टोकांना धरून ते मधोमध आणायचं. एकट्याने आणायचं नाही, तिसऱ्याने हात लावायचा नाही. मंडळीच्या नियमांत हे पहिल्याच पानावर आहे. पाळक पंचाच्या जागी चालतो, म्हणून गेली अकरा वर्षं एक टोक पाळकसाहेब धरत आणि दुसरं मी. धाकटा बसून राहायचा. पाव आणि पेला फिरायला लागला की तो मान खाली घालून पुढे सरकवायचा. अकरा वर्षांत एकदाही घेतला नाही. त्याला द्राक्षरस सोसत नसावा.

आता २३ मार्चला दुसरं टोक कोण धरणार? मी त्याला विचारणार नाही.

का ते एकदाच लिहून ठेवतो. दुकान बाबांचं. मी आणि धाकटा तिथे एकत्र काम करायचो. अकरा वर्षांपूर्वी बेकरीत त्याने दुरुस्त केलेला काटा मी बाबांच्या पितळी दोन किलोच्या वजनाने तपासला. सहा ग्रॅम कमी दाखवत होता. सहा ग्रॅम म्हणजे सहा ग्रॅम. पंचांच्या सभेत मी ते सांगितलं, कारण पंचाचा भाऊ असला तरी चुकीचं माप हे चुकीचं माप. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, एकदा तुझं वजन तपासून घे." बाबांच्या वजनाबद्दल असं बोलला. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नंतर मी त्या वजनाच्या तळाला हिरवं बनातीचं कापड चिकटवून घेतलं आहे, ताटलीला ओरखडा पडू नये म्हणून. दर शनिवारी चकचकीत पुसतो. तपासून घे म्हणे. त्याची चार गिऱ्हाइकं गेली ती त्याच्या कर्माने गेली. पुढच्या आठवड्यात त्याने दुकानाच्या मधोमध प्लायवूड मारलं. त्याच्या बाजूचा खोकलासुद्धा ऐकू येतो.

मी मेजाला चाकं लावणार आहे. चाक म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे नियम मोडत नाही.

२ मार्च, रविवार

तेहेतीस जण. विषय: परीक्षा. निम्म्यावर आल्यावर कंस: "इथे तिसऱ्या बाकावरच्या माणसाकडे बघू नये. फार मानी आहे. कळलं तर चर्चला येणं सोडेल, आणि तो आला नाही तर मला करमणार नाही."

मी वाचलं. सगळ्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे ही बसली होती, एकटी. हिने छताकडे पाहिलं.

घरी येताना मी विचारलं, "आपल्याआधी त्या बाकावर कोण बसायचं गं?"

"कोणी नाही. लग्न झाल्यापासून आपणच."

हे बुचकळ्यात टाकणारं होतं. मग लक्षात आलं की तिसरे बाक दोन आहेत. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर धाकटा बसतो. मानी, हे तर अगदी तंतोतंत. हिला सांगितलं. ती म्हणाली, "धन्य आहे."

पाळकसाहेबांनाही त्याचा स्वभाव खुपत होता तर. मला वाईट वाटलं. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ मार्च, शनिवार

चाकं बसवली. एका पायाला चार स्क्रू. मेज सुरेख सरकतं. फार सुरेख सरकतं. चर्चची जमीन उजवीकडे उतरती आहे हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी हात सोडल्यावर मेज आपणहून निघालं आणि उजवीकडच्या तिसऱ्या बाकाला जाऊन टेकलं. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तिथेच. पाचरी लावाव्या लागतील.

पाळकबाईंनी आज उपदेश पाकिटात बंद करून दिला. एरवी नुसताच देतात. विचारलं, "आधी वाचून जाणार का?" म्हटलं, कधीच नाही. "बरं," म्हणाल्या, आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला. वय झालं की तोल जातो.

९ मार्च, रविवार

लिहिणार नव्हतो. पण जे झालं ते लिहायचं ठरवून बसलो आहे.

विषय: खरं माप. तारीख दहा वर्षांपूर्वीची. शेवटून दुसऱ्या पानावर कंस होता. मोठा होता. पाठ होऊन बसला आहे, तसाच उतरवतो.

"हे खरं तर तिसऱ्या बाकावरच्या थोरल्याला तोंडावर सांगायला हवं. त्याच्या वडिलांच्या वजनाच्या तळातली शिशाची गुल्ली गळून पडली आहे. थोरला जेवायला गेला असताना धाकट्याने ते आपल्या वजनाशी लावून पाहिलं. सहा ग्रॅम कमी. धाकट्याचा काटा बरोबर होता. पण त्याने मला वचनात बांधलं आहे. म्हणाला, दादाकडे बाबांचं तेवढंच उरलंय, ते काढून घेऊ नका. म्हणून मी आजही नुसता मापाविषयी बोलतो आहे. हा माझा भित्रेपणा आहे. प्रभू मला क्षमा करो."

"थोरल्याला" हा शब्द तोंडातून गेला तेव्हाही मला कळलं नव्हतं. "वडिलांच्या वजनाच्या" म्हटल्यावर कळलं. तिथे थांबता आलं असतं. पाणी प्यायच्या निमित्ताने कागद पालटता आला असता. पण चार आठवडे दुसऱ्यांचं सगळं वाचलं, बेकरीवाल्याचं वाचलं, झोपलेल्या बाईंचं वाचलं. आपलं आलं की गाळायचं, हे काही बरोबर नव्हे. वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आवाज माझा होता असं वाटत नाही.

मग पुढचं मला दिसेना. चर्चमध्ये पस्तीस माणसं आणि खोकलासुद्धा नाही. किती वेळ उभा होतो माहीत नाही. उजवीकडून आवाज आला, "दादा, पान उलट."

अकरा वर्षांनी माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी पान उलटलं. वर कंसात होतं, "इथे थोडे थांबावे." मी तेही वाचलं, आणि खाली बसलो.

१० मार्च, सोमवार

दुकान उघडून आधी बनात सोलून काढली. डिंक मीच भरपूर लावला होता, निघता निघेना. तळाला करंगळीच्या टोकाएवढं भोक. रिकामं. बनात लावताना ते दिसलं होतं, मुळातलंच असेल म्हणून मी त्यावर डिंक फासला होता.

तरी खात्री करायला दुसरं वजन हवं. प्लायवूडवर टकटक केलं. पलीकडची कानस थांबली.

मी म्हटलं, "दोन किलोचं आहे का?"

"आहे."

तो रस्त्यावरून वळसा घालून आला. आमच्या दोन दारांत बारा पावलं आहेत. त्याचे केस पांढरे झालेत हे मला लांबून माहीत होतं, जवळून नव्हतं. दोन्ही वजनं तराजूच्या दोन पारड्यांत ठेवली. बाबांचं वर गेलं. त्याने खिशातून ग्रॅमची वजनं काढली, बरोबर आणली होती, आणि एकेक टाकत गेला. सहाव्याला काटा मध्यावर आला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणजे अकरा वर्षं मी गावातले सगळे काटे..."

"सगळे नाही."

"म्हणजे?"

"तू करून गेलास की मी मागनं जायचो. दुकानदाराला सांगायचो, दादा तेल घालायचं विसरला, तेवढं घालतो. नि लावून द्यायचो बरोबर."

"माझ्या नावावर?"

"मग कुणाच्या? मला कोण हात लावू देणार होतं?"

माफी मागायची असते हे माहीत होतं, शब्द जवळ नव्हते. मी म्हटलं, "मी चुकलो. सभेत बोललो ते चुकलो, आणि नंतर रोज चुकत राहिलो." तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "तू प्रभुभोजन घेताना मला तुझा फार राग यायचा. बाकीचे दिवस एवढा नाही." मग स्टूल ओढून बसला आणि शिसं वितळवायची पळी कुठे ठेवतोस म्हणून विचारलं. ती बाबांच्या वेळेपासून जिथे आहे तिथेच आहे. त्याने बघितलं, खरंच तिथेच होती.

मी रडलो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फुगवून सांगायला नको.

१५ मार्च, शनिवार

आठवडाभर आम्ही दोघं मिळून सगळे काटे तपासत फिरलो. प्रत्येक दुकानात मी आधी काय झालं ते सांगायचो. चौतीसपैकी एकतीस बरोबर निघाले. चुकलेले तीन नदीपलीकडचे. तिकडे जायला धाकट्याला होडीची भीती वाटते, या वेळीही तिथे मी एकटाच गेलो.

ज्या चार जणांनी त्याच्याकडचं काम बंद केलं होतं त्यांच्याकडे मी एकटा गेलो. तिघांनी ऐकून घेतलं. चौथा वारला आहे, त्याच्या मुलाला सांगितलं. त्याला कशाचा काही पत्ता नव्हता. त्याने चहा पाजला.

पाळकबाईंकडे खोकं बघायला मागितलं. उपदेश तारखेने लावलेले आहेत. मला दिलेले पाचही उपदेश वेगवेगळ्या वर्षांतले होते. मी म्हटलं, तुम्ही निवडून दिलेत. त्या म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही हो." चष्मा नाकावर होता.

२३ मार्च, रविवार

निरीक्षक वेळेआधी आले. हातात फाइल, आणि गाडीच्या पुढच्या सीटवर पुड्यातलं नवं कोरं कुलूप. ते सगळ्यांनी पाहिलं.

एक्केचाळीस जण. उपदेश वाचला. त्यात कंस होते, ते मी मनातच वाचले. लोकांची जरा निराशा झाली. पाणी मात्र प्यायलो.

मग मेज. चाकं मी कालच काढली होती. धाकटा उजवीकडून उठला, मी डावीकडून. उचललं. सात पावलं. मधोमध आल्यावर आधी कोणी खाली टेकवायचं हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे तसेच धरून उभे राहिलो. शेवटी शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "ठेवा हो आता," तेव्हा ठेवलं.

निरीक्षकांनी खाली वाकून बघितलं. "पायांना भोकं कसली?"

"वाळवी," धाकटा म्हणाला.

"प्रत्येक पायाला चार? एका रेषेत?"

"आमच्याकडची वाळवी काटेकोर आहे."

निरीक्षकांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. पाव बेकरीवाल्याने दिला होता, या वेळी सगळ्यांच्या देखत. मी पेला घेऊन उजवीकडे गेलो. धाकट्याने दोन्ही हातांनी धरला. प्यायला, आणि जरा जास्तच प्यायला. द्राक्षरस त्याला उत्तम सोसतो.

निरीक्षक जाताना म्हणाले, पत्र येईलच, पण मी काय लिहिणार ते तुम्हाला कळलं असेल. म्हटलं, नाही कळलं, नीट सांगा. ते म्हणाले, मंडळी चालू राहील. गाडी निघाली तेव्हा कुलूप सीटवर तसंच होतं.

(मेजाच्या एका टोकाला खण आहे, त्यात प्रभुभोजनाची ताटं असतात. ते टोक जड. ते पाळकसाहेब धरायचे आणि आज धाकट्याने धरलं. मी इतकी वर्षं हलकं टोक धरत आलो. मेज ठेवल्यावर तो खांदा चोळत होता. पुढच्या वेळी आपण आधी उठावे आणि खणाच्या बाजूला जाऊन उभे राहावे. तो काही म्हणाला तर ऐकू आले नाही असे करावे. हे कोणाला वाचून दाखवू नये.)